कॅरेज का अडकतं? लेथच्या एका स्क्रूची गोष्ट

आजची गोष्ट मुरुडपासून सुरू करू. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोचली, तेव्हा वाटेत मुरुड लागायचं. दोन रुळांत अंतर फक्त 762 मिलिमीटर, आणि आजूबाजूला निजामाचा मुलूख. या छोट्या गाडीचं दुरुस्तीचं वर्कशॉप कुर्डुवाडीला. रेल्वेचं वर्कशॉप म्हटलं की लेथ आलाच. त्याशिवाय चाक आणि अ‍ॅक्सल मापात कसे येणार?

आज मुरुड-लातूरकडे मोटारीची शाफ्ट खराब झाली, की शेतकरी लेथवाल्याच्या दारात येऊन बसतो. तिकडे पीक पाण्यावाचून उभं. आणि नेमकं तेव्हाच कॅरेज मधेच थांबतं! आता काय?

हे समजायला जरा मागे जाऊ. लाकूड कातणारा कातारी हत्यार हातात धरतो. पूर्वी लोखंडाचं कामही बरंचसं असंच चालायचं. हात हलला की माप गेलं. सन 1800 च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली यानं हत्यार हातातून काढून सरकत्या बैठकीत बसवलं आणि ती बैठक एका लांब स्क्रूला जोडली. तोच आपला लीड स्क्रू. यातल्या सुट्या कल्पना आधीही होत्या, पण त्यानं स्क्रू, बैठक आणि बदलते गिअर एकत्र आणले. एकसारखे आटे पाडणं सोपं झालं. आपल्याकडे 1941 मध्ये किर्लोस्करांनी हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना काढला, तिथेही लेथ बनू लागले.

आता दुरुस्तीकडे येऊ. मॉडस्लीच्या साखळीतच उत्तर आहे: स्पिंडल, गिअर, लीड स्क्रू, हाफ नट, कॅरेज. याच क्रमानं तपासायचं.

पहिला प्रश्न, लीड स्क्रू फिरतोय का? नसेल, तर दोष चकच्या बाजूला आहे. फीडचा दांडा न्यूट्रलला असेल, गिअरचा दात तुटला असेल, चावी निसटली असेल, नाहीतर शिअर पिन तुटली असेल. मशीन बंद करून, प्लग काढूनच गिअरला हात लावायचा, बरं का!

स्क्रू फिरतोय, पण कॅरेज जागचं हलत नाही? आधी कॅरेजचा लॉक बघा. तो घट्टच राहिलाय, असं पुष्कळदा निघतं. मग हाफ नट बघा. आत बर्र अडकली असेल, तर तो पूर्ण मिटत नाही. त्याचे आटे झिजले असतील, तर घसरतो.

कॅरेज झटके देत चालतंय? फीड सोडा आणि हँडव्हीलनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन बघा. बेड जास्त झिजतो चकजवळ, कारण रोजचं काम तिथंच होतं. तिथला ढिलेपणा काढायला जिब आवळली, की टेलस्टॉककडे कॅरेज आवळून बसतं. म्हणून जिब सगळीकडे चालेल इतकीच आवळायची. बेड पुसून तेल द्यायचं.

शेवटी महत्त्वाचं. हाफ नट सहसा स्क्रूपेक्षा मऊ धातूचा असतो, आणि शिअर पिन मुद्दाम कमजोर ठेवतात. झिजायचं ते स्वस्तातल्या भागानं, तुटायचं ते पिननं, म्हणजे महागडा स्क्रू आणि गिअर वाचतात. पण गडबडीत कुणी पिनच्या जागी कडक बोल्ट ठोकतं. शेतकऱ्याची शाफ्ट त्या दिवशी होऊन जाते, पण पुढच्या वेळी कॅरेज अडलं की गिअरचे दात जातात, आणि मग दुकान आठवडाभर बंद.

हत्यार हातातून गेलं आणि माप आलं, हा लेथचा इतिहास. पण मशीन कुठं अडलंय हे ओळखायला अजून कारागिराचा हातच लागतो. तुमच्या गावात जुना लेथ असेल, तर त्यावर कुणाचं नाव ओतलंय ते जरूर वाचा. भेटू पुढच्या भागात!