बाटलीला परवाना, समुपदेशकाला नाही: भोर-वेल्ह्यातून पाहिलेला एक इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे: परवाना. गाडीचा नाही, दुकानाचा नाही. माणसाचं व्यसन सोडवण्याचा आणि मनाच्या आजारात त्याला आधार देण्याचा परवाना. तो कोण देतं, कोणाला मिळतो, आणि मुळात लागतो का, हे आज आपण बघणार आहोत. हा इतिहास सहसा दिल्ली-मुंबईतून सांगितला जातो. आम्ही तो भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतून सांगणार आहोत, कारण कायदा कागदावर कसा आहे यापेक्षा तो तिथपर्यंत पोचतो का, हा आपला प्रश्न आहे.

आधी मुलूख नजरेसमोर आणू. पुण्यापासून ५०-६० किलोमीटर. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर. भातखाचरं, भाटघर आणि पानशेतची धरणं. २०११च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, वेल्ह्याची साधारण ५४ हजार. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. तरुण मुलं शिरवळ, खेड शिवापूरच्या कारखान्यांत कामाला जातात. आता समजा, वेल्ह्याच्या आतल्या एखाद्या वाडीवरच्या आईचा मुलगा रोज पितो. ती कोणाकडे जाणार? डॉक्टरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक असतो. औषधाच्या दुकानात परवाना भिंतीला टांगलेला असतो. पण ‘समुपदेशक’ अशी पाटी बघितली, तर त्या माणसाला हे काम येतं की नाही, हे तिने कशावरून ओळखायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

सरकारने दारूच्या बाबतीत परवान्याचा विचार फार लवकर केला. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. दारू कोण गाळणार, कोण विकणार, सरकारला किती देणार, हे सगळं त्यात ठरलं. हा ब्रिटिश मुलखाचा कायदा. आपला हा भाग त्या वेळी भोर संस्थानात, पंतसचिवांच्या कारभारात होता. संस्थानाच्या तालुक्यांची नावं बघा: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड, पवन मावळ आणि घाटाखाली सुधागड. वेल्हे तालुक्याला अलीकडे राजगड हे नाव दिलं गेलं, ते संस्थानी काळात तालुक्याचंच नाव होतं. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी, १९४९ साली, मुंबई दारूबंदी कायदा आला. म्हणजे भोरकर संस्थानी प्रजेचे नागरिक झाले न झाले तोच त्यांच्यासाठी दारू बंद झाली.

आता या कायद्यातली गंमत ऐका. बंदी होती, पण परवानेही होते. डॉक्टरच्या दाखल्यावर, तब्येतीच्या कारणाने दारू पिण्याचा परवाना मिळत असे. १९६०च्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा राहिला. आजही महाराष्ट्रात कायद्याप्रमाणे दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आयुष्यभराचाही मिळतो. (हशा) हसू नका, खरंच आहे. पुढे २००८ साली सरकारने गावच्या बायकांनाही या व्यवहारात मत दिलं. उभी बाटली की आडवी बाटली, असं मतदान घ्यायचं, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद. म्हणजे विकणाऱ्याला परवाना, पिणाऱ्याला परवाना, आणि दुकान बंद करायची रीतसर पद्धतसुद्धा. दुकान बंद झाल्यावर ज्याचे हात थरथरतात त्याचं काय करायचं, याबद्दल मात्र त्या कायद्यात फारसं काही नाही.

आता दुसरी बाजू, मनाच्या आजाराची. इथे १८५८चा कायदा, मग १९१२चा ‘ल्युनसी ॲक्ट’. या कायद्यांचा सगळा भर जागेवर होता. वेड्यांचं इस्पितळ कुठे असावं, माणसाला आत कोणाच्या हुकमाने ठेवावं, बाहेर कधी सोडावं. आपल्याकडे त्याचं दृश्य रूप म्हणजे येरवडा. आजही आपल्या बोलण्यात ‘येरवड्याला पाठवा याला’ असं येतं, ते त्या भिंतीमुळे. आत काम करणाऱ्या माणसाची, डॉक्टर सोडला तर, कायद्याला फारशी फिकीर नव्हती. १९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला आणि १९९३मध्ये तो लागू झाला. त्यात मनोरुग्णालयाला परवाना आला, व्यसनी माणसांसाठी वेगळी रुग्णालयं काढता येतील असंही आलं. पण परवाना पुन्हा इमारतीलाच.

मग एवढी वर्षं खेड्यातल्या माणसाने काय केलं? तो भगताकडे गेला, देवऋषाकडे गेला. आणि मावळातला माणूस आणखी एक गोष्ट करायचा: माळ घालायचा. तुळशीची माळ गळ्यात आली की दारू आणि मटण सुटलं. वारकरी संप्रदायाकडे केवळ भक्ती म्हणून न बघता आपण थोडं कोरडेपणाने बघू. माळ घालणारा एकटा नसतो. त्याची दिंडी असते, एकादशी असते, दर वर्षीची वारी असते, आणि सगळ्या गावाचं त्याच्यावर लक्ष असतं. तो घसरला तर चार माणसांना कळतं. म्हणजे देखरेख आहे, सातत्य आहे, सोबत आहे. नाही ते एकच: ज्याला माळ झेपली नाही, त्याच्यासाठी पुढची पायरी. त्याच्या वाट्याला फक्त शरम येते, आणि शरमेने माणूस आणखी पितो.

पुढची पायरी पुण्यात तयार झाली, १९८६ साली. शहरात गर्दचा विळखा पडला होता. डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊन पाठबळ दिलं. आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने तिथली महत्त्वाची गोष्ट अशी, की व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे तिथे कार्यकर्ते झाली, समुपदेशक झाली. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’मध्ये हेच तत्त्व होतं: जो त्यातून गेलाय, त्याचंच दुसरा ऐकतो. पुढे भोरच्या शेजारी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. या सगळ्या ठिकाणी अनुभव ही पात्रता होती. पण त्या अनुभवाला प्रशिक्षणाची जोड होती आणि वर डॉक्टर होता, हेही लक्षात ठेवू.

योगायोग बघा, त्याच १९८६ साली दिल्लीत पुनर्वास परिषद एक संस्था म्हणून नोंदली गेली. १९९२ साली तिचा कायदा झाला, १९९३ पासून ती वैधानिक झाली. या कायद्याने ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ या माणसाला पहिल्यांदा नोंदणी दिली. नोंदणीशिवाय ते काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणीसाठी साधारणपणे एम.ए.च्या पुढे दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. लागे. शिक्षण उत्तम, यात शंका नाही. पण एवढं शिकलेला माणूस वेल्ह्यात दवाखाना थाटेल का? आणि साधा समुपदेशक, व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता, यांचं काय? त्यांच्याबद्दल काहीच ठरलं नाही. सरकारी अनुदानावरच्या व्यसनमुक्ती केंद्रांना पदवी, प्रशिक्षण वगैरे नेमणुकीच्या अटी आहेत. पण ती अनुदानाची अट झाली. जो अनुदान घेत नाही, त्याला ती लागू नाही.

हे असं मोकळं सोडल्याने काय होतं, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाने बघितलं. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ खासगी आश्रयस्थानात आग लागली. मनोरुग्ण साखळीने बांधलेले होते. २८ माणसं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातलं, आणि बऱ्याच वर्षांनी २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला, जो २०१८मध्ये अंमलात आला. त्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार स्पष्टपणे धरलेले आहेत. माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. आस्थापनेची नोंदणी सक्तीची आहे. विनानोंदणी चालवली तर पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. राज्य प्राधिकरणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंद ठेवायची आहे. समुपदेशक? तो या यादीतही नाही.

तो सापडतो २०२१च्या कायद्यात. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा हा कायदा. त्याच्या परिशिष्टात सायकॉलॉजिस्ट, मनोसामाजिक कार्यकर्ते, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही समुपदेशक, मानसिक आरोग्याचे साहाय्यक कार्यकर्ते अशी नावं आली. ‘व्यसनमुक्ती समुपदेशक’ असं स्वतंत्र नाव तिथेही नाही. कायदा तासांची भाषा बोलतो: संलग्न व्यावसायिकाला किमान २ हजार तासांचं शिक्षण, आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३६०० तासांचं. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा नेमायच्या होत्या. ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘अंमलबजावणी करा’ म्हणून सांगावं लागलं, यावरून गती समजा. अर्थात ही गती फक्त आपलीच नाही. अमेरिकेत समुपदेशकाला परवाना देणारं पहिलं राज्य व्हर्जिनिया, १९७६ साली. शेवटचं कॅलिफोर्निया, २००९ साली. तिथेही ३३ वर्षं लागली.

इथे कोणी म्हणेल, मग सोपं आहे, पदवीची अट घाला आणि मोकळे व्हा. थांबा. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलेतरी उपचार मिळाल्याचं आढळलं. पदवीची भिंत उभी केली तर भोर-वेल्ह्यात त्या भिंतीच्या आत कोणी उरणारच नाही, आणि ती आई पुन्हा भगताच्या दारात उभी राहील.

दुसरा रस्ता आहे, आणि तो शेजारच्या गोव्यात तपासला गेलाय. ‘संगत’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक अभ्यास केला. समुपदेशन केलं ते स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी. जास्तीत जास्त चार बैठका. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले: तीन महिन्यांनी या गटात ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, नेहमीच्या सेवेच्या गटात २६ टक्के. दारू पूर्ण थांबवलेल्यांचं प्रमाण ४२ विरुद्ध १८ टक्के. हे कशामुळे जमलं? बैठकांचं ध्वनिमुद्रण होत असे, ते सहकारी ऐकत, गुण देत, चुका दाखवत. आणि दारूवर पूर्ण अवलंबून झालेले रुग्ण या अभ्यासात घेतले नव्हते. म्हणजे काम कुठवर आपलं आणि कुठून पुढे डॉक्टरचं, ही रेघ आखलेली होती.

ही रेघ म्हणजे जिवाचा प्रश्न आहे, म्हणून दोन मिनिटं जास्त घेतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो: माणूस भिंतीवर किडे बघतो, वेळकाळ विसरतो. यात माणूस दगावू शकतो. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं. अप्रशिक्षित ‘समुपदेशक’ म्हणतो, खोलीत कोंडा, दोन दिवसांत उतरेल. ज्याला हे काम येतं तो म्हणतो, आत्ता गाडी काढा, भोरच्या रुग्णालयात न्या. ते वाक्य वेळेवर म्हणता येणं, ही आमच्या मते परवान्याची पहिली परीक्षा असायला हवी.

तेव्हा आमचं म्हणणं असं. दोन तालुक्यांसाठी परवाना दोन पायऱ्यांचा असावा. वरच्या पायरीवर पदवीधर, नोंदणीकृत व्यावसायिक. खालच्या पायरीवर गावातलाच माणूस: आशा कार्यकर्ती असेल, माळकरी असेल, स्वतः व्यसनातून बाहेर आलेला असेल. त्याला ठरावीक तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाची परीक्षा, वरच्याची नियमित देखरेख, आणि दर काही वर्षांनी नूतनीकरण. देखरेख तुटली तर परवाना गेला. इतिहासाने इमारतींना परवाने दिले, मग पदव्यांना दिले. काम येण्याला आणि कामावर लक्ष असण्याला अजून दिलेला नाही.

तोवर काय? तोवर ऐकणाऱ्यांनी निदान चार प्रश्न विचारायला शिकावं. केंद्राची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? डॉक्टर किती वाजता येतात आणि नाव काय? समुपदेशक कुठे शिकला, आणि त्याच्या कामावर कोण लक्ष ठेवतं? आणि आमच्या माणसाला आम्ही कधी भेटू शकतो? चौथ्या प्रश्नाला जिथे टाळाटाळ होते, तिथून माणूस परत आणावा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.