प्रेमकादंबरी संपादकापुढे मांडण्याची विद्या

इंग्रजी प्रेमकादंबरीच्या इतिहासात लेखिका, नायिका आणि वाचक यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु लिहून पूर्ण झालेली कादंबरी संपादकाच्या मेजापर्यंत पोचवण्यासाठी जे वेगळे कौशल्य लागते, आणि जे विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत अमेरिकेत पद्धतशीरपणे शिकवले जाऊ लागले, त्याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात या कौशल्याला ‘पिच’ म्हणतात. कादंबरी कोणत्या प्रकारची आहे, ती कोणासाठी आहे आणि तिच्यात कोणता पेच आहे, हे एजंटाला किंवा संपादकाला थोडक्यात सांगून पूर्ण हस्तलिखित मागवून घेण्याची उत्सुकता त्याच्या मनात निर्माण करणे, एवढा त्याचा अर्थ. एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा आणि त्याबद्दल मानधनातून पूर्वी दहा, पुढे पंधरा टक्के दलाली घेणारा मध्यस्थ; ए. पी. वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये या व्यवसायाला आकार दिला. प्रेमकादंबरीच्या लेखिकेला मात्र या मध्यस्थाची गरज बराच काळ भासली नाही, आणि त्याचे कारण या कादंबऱ्या छापणाऱ्या संस्थांच्या रचनेतच होते.

जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी 1908 साली लंडनमध्ये स्थापन केलेली ‘मिल्स अँड बून’ ही संस्था आरंभी सर्व प्रकारची पुस्तके काढीत असे. 1930 च्या दशकात अल्प शुल्कात पुस्तके वाचायला देणाऱ्या खासगी वाचनालयांचे जाळे पसरले, तेव्हा त्यांच्या मागणीमुळे ती प्रेमकादंबरीकडे वळली. चार्ल्स बून यांचे पुत्र अ‍ॅलन बून यांनी संपादक म्हणून अनेक वर्षे लेखिकांशी थेट पत्रव्यवहार ठेवला आणि त्यांच्या हस्तलिखितांना वळण लावले. कथा नायिकेच्या दृष्टिकोनातून सांगितली जावी, या नियमाला ते समीक्षक पर्सी लबक यांच्या नावावरून ‘लबकचा नियम’ म्हणत, आणि नायक कर्तृत्ववान व वरचढ असावा या दुसऱ्या नियमालाही त्यांनी ‘अल्फा’ पुरुषाच्या नावाने ओळख दिली होती. ज्या लेखिकेला हे नियम कळले, तिला आपल्या कादंबरीची निराळी वकिली करावी लागत नसे. नियम कळण्याचा मार्ग मात्र संस्थेची पुस्तके वाचणे आणि संपादकाच्या पत्रांतून शिकणे एवढाच होता, म्हणजे हे ज्ञान पूर्णपणे प्रकाशकाच्या हाती होते.

कॅनडातील विनिपेग येथे 1949 साली निघालेल्या ‘हार्लेक्विन’ने 1957 पासून मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्यांचे पुनर्मुद्रण सुरू केले आणि 1971 साली ती संस्थाच विकत घेतली. प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनवणाऱ्या कंपनीतून आलेल्या लॉरेन्स हायसी यांच्या कारकिर्दीत या कादंबऱ्या पुस्तकांच्या दुकानाबाहेर पडून किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत पोचल्या. उत्तर अमेरिकेत वाचक लाखोंनी वाढले, पण निवडीचे काम लंडनमध्येच होत राहिल्याने अमेरिकी लेखिकेला टंकलिखित समुद्रापार धाडावे लागे. हस्तलिखित परत हवे असेल तर स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडण्याचा रिवाज होता; अमेरिकेचे तिकीट ब्रिटनमध्ये चालत नसल्याने टपाल कचेरीतून आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन विकत घेऊन ते पाकिटात घालावे लागे. एवढे करून बहुधा छापील नकाराची चिठ्ठीच हाती पडे. अमेरिकी लेखिका नोरा रॉबर्ट्स यांना हार्लेक्विनकडून जो नकार आला त्याचा आशय असा होता, की संस्थेकडे एक अमेरिकी लेखिका आधीच आहे. ती लेखिका म्हणजे जॅनेट डेली.

न मागवता आलेल्या हस्तलिखितांच्या ढिगाला प्रकाशक ‘स्लश पाइल’ म्हणतात, आणि प्रेमकादंबरीच्या इतिहासातील एक मोठे वळण याच ढिगातून आले. कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही दीर्घ ऐतिहासिक कादंबरी कापडी बांधणीची पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकांनी परत केली होती. एव्हन या कागदी बांधणीच्या प्रकाशनसंस्थेतील संपादक नॅन्सी कॉफी यांनी ती ढिगातून उचलली आणि 1972 साली ती प्रसिद्ध झाली. तिच्या पाठोपाठ रोझमेरी रॉजर्स यांनी आपले हस्तलिखित एव्हनकडे पाठवताना ते वुडिविस यांच्या संपादकाच्या नावे पाठवले. आपले पुस्तक कोणत्या पुस्तकाच्या शेजारी बसेल हे लेखिकेने स्वतः सांगायचे, ही आज पिचमध्ये बहुधा अपेक्षित असलेली गोष्ट या एका पत्त्यात पूर्णपणे सामावलेली आहे.

अमेरिकेत हार्लेक्विनचे वितरण करणाऱ्या सायमन अँड शुस्टर या संस्थेच्या हातून ते काम गेले, तेव्हा तिने 1980 साली ‘सिलूएट’ ही स्वतःची प्रेमकादंबरीमाला काढली, आणि अमेरिकी लेखिकांची गरज एकाएकी वाढली. नोरा रॉबर्ट्स यांची पहिली कादंबरी 1981 साली येथेच प्रसिद्ध झाली. दरमहा ठरावीक संख्येने पुस्तके काढणाऱ्या या मालांना इतके साहित्य हवे होते, की प्रकाशकांनी ‘टिप शीट’ नावाची सूचनापत्रके तयार करून मागेल त्या लेखिकेला टपालाने पाठवली. कादंबरीची शब्दसंख्या, नायिकेचे वय आणि व्यवसाय, नायकाचा स्वभाव, कथानकाची पार्श्वभूमी, शारीरिक जवळिकीचे वर्णन कुठवर न्यायचे, अशा बाबी त्यांत नमूद असत. टीकाकारांनी या पत्रकांत साच्याचा पुरावा पाहिला आणि तो आक्षेप निराधार नव्हता; तरीही अ‍ॅलन बून यांच्या पत्रांत बंद असलेले ज्ञान या पत्रकांमुळे प्रथमच उघड्यावर आले, आणि न्यूयॉर्कमध्ये कोणाची ओळख नसलेल्या गृहिणीला, शिक्षिकेला किंवा परिचारिकेला आपण कोणत्या दारावर थाप मारायची हे कळू लागले, ही बाजू अधिक महत्त्वाची मानावी लागते.

या ज्ञानाला संस्थेचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने व्हिव्हियन स्टीफन्स यांचे आहे. ह्यूस्टनच्या या कृष्णवर्णीय संपादिकेने डेल प्रकाशनात ‘कँडललाइट एक्स्टसी’ ही माला सुरू केली आणि तिच्यात नोकरी-व्यवसाय करणाऱ्या, वयाने प्रौढ अशा अमेरिकी नायिका आणल्या. 1980 साली त्यांनी आणि 37 लेखिकांनी ह्यूस्टनमध्ये ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिचे पहिले अधिवेशन ह्यूस्टनजवळच्या द वूडलँड्स येथे भरले. लेखकांच्या इतर अनेक संघटना पुस्तक प्रसिद्ध झाल्यावरच पूर्ण सदस्यत्व देत. या संघटनेने एकही ओळ न छापलेल्या स्त्रियांनाही आरंभापासून सामावून घेतले, त्यामुळे विचारणापत्र, म्हणजे हस्तलिखित पाहाल का असे विचारणारे पत्र, कसे लिहावे, करारातील कोणत्या कलमाला हरकत घ्यावी, कोणता संपादक काय शोधत आहे, ही माहिती नामवंत लेखिकेकडून नवशिक्या लेखिकेपर्यंत एकाच सभागृहात पोचू लागली.

संघटनेच्या अधिवेशनांत रूढ झालेली संपादक-भेट हे या विद्येचे सर्वांत ठळक रूप होय. एका दालनात छोटी मेजे मांडलेली असत, प्रत्येक मेजामागे एक संपादक किंवा एजंट बसे, आणि आगाऊ नाव नोंदवलेल्या लेखिकेला साधारण दहा मिनिटे मिळत. या अल्पावधीत कादंबरीचा उपप्रकार आणि शब्दसंख्या प्रथम सांगायची, मग नायक-नायिकेची ओळख प्रत्येकी एका वाक्यात करून द्यायची आणि त्यांच्या प्रेमाच्या आड काय येते ते सांगून थांबायचे, अशी शिस्त लेखिका एकमेकींपुढे सराव करून बाणवीत. डेब्रा डिक्सन यांनी 1996 च्या पुस्तकात मांडलेली ध्येय, प्रेरणा आणि संघर्ष ही त्रयी येथे फार उपयोगी ठरली. नायिकेला काय हवे, का हवे आणि ते का मिळत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली की पिच तयार झाले असे मानले जाई. शेवट सुखान्तच असणार हे दोन्ही पक्षांना ठाऊक असल्याने रहस्यकथेप्रमाणे शेवटाची उत्कंठा येथे कामी येत नाही. दोन माणसांमधील अडसर किती खरा आहे, यावरच सगळा भार पडतो. मराठीत ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचे तंत्र सांगितले, पण लेखक आणि प्रकाशक यांच्यात एजंटाची परंपरा नसल्याने हस्तलिखित प्रकाशकापुढे कसे मांडावे याचे शास्त्र येथे वेगळे घडले नाही. अमेरिकेत तंत्र आणि मांडणी या दोन्ही गोष्टी एकाच वर्गात शिकवल्या गेल्या.

या विद्येने सर्वांसाठी दार सारखेच उघडले, असे मात्र म्हणता येत नाही. पिच कितीही नेटके असले तरी ‘ही कादंबरी आमच्या मालेत बसत नाही’ या उत्तरापुढे ते निष्प्रभ ठरे, आणि कृष्णवर्णीय नायक-नायिकांच्या बाबतीत हे उत्तर वारंवार मिळे. स्टीफन्स यांनी डेलमध्ये असताना एल्सी वॉशिंग्टन यांची ‘एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज’ 1980 साली रोझलिंड वेल्स या टोपणनावाने प्रसिद्ध केली आणि हार्लेक्विनमध्ये गेल्यावर सँड्रा किट यांना संधी दिली. परंतु ही दारे एका व्यक्तीच्या अधिकारावर उघडी होती, आणि तो अधिकार संपताच ती पुन्हा अरुंद झाली. पुढे स्टीफन्स स्वतः एजंट झाल्या, आणि अनेक नकार पचवलेल्या बेव्हर्ली जेनकिन्स यांची ‘नाइट साँग’ ही एकोणिसाव्या शतकातील कृष्णवर्णीय समाजावरची कादंबरी त्यांच्याच मार्फत एव्हनकडे जाऊन 1994 साली प्रकाशित झाली. संघटनेचा ‘रीटा’ पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकेला प्रथम मिळण्यास 2019 साल उजाडावे लागले, ही त्या संघटनेच्या इतिहासातील अत्यंत वेदनादायक गोष्ट आहे.

हार्लेक्विनने 2008 साली भारतात कार्यालय थाटल्यावर कथास्पर्धेच्या मार्गाने भारतीय लेखिकांचा शोध घेतला, आणि त्यातून पुढे आलेल्या मिलन व्होरा या मिल्स अँड बूनच्या पहिल्या भारतीय लेखिका ठरल्या. दिल्ली-मुंबईच्या लेखिकेला या मालेत शिरण्याची जवळची वाट त्यामुळे मिळाली. अमेरिकेत त्यानंतर दोन बदल झाले. 2012 पासून ट्विटरवर ठरावीक दिवशी 140 अक्षरांत कादंबरी मांडण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि दहा मिनिटांची भेट एका वाक्यावर आली. त्याच सुमारास ई-पुस्तके स्वतः प्रकाशित करण्याची सोय झाल्याने हजारो लेखिकांनी संपादकाला विचारणेच सोडले. वर्णभेदाविषयीच्या वादातून 2019 च्या अखेरीस संघटनेत फूट पडली, एके काळी दहा हजारांच्या घरात असलेली सदस्यसंख्या झपाट्याने घटली आणि 2024 साली संघटनेने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिच्यातून बाहेर पडलेल्या स्थानिक शाखांपैकी काही आज स्वतंत्रपणे काम करतात, आणि विचारणापत्राचे व पिचचे वर्ग त्यांच्याकडे अजून चालतात.