शस्त्रवैद्यक, शुश्रूषा आणि पुणे शहर

हृदयावरील शस्त्रक्रियेचा इतिहास लिहू जाता लेखणी सहजच शस्त्रवैद्याच्या हाताकडे वळते. परंतु छाती शिवून रोग्याला खाटेवर आणल्यानंतर ज्या दिवसरात्रींत त्याच्या जगण्यामरण्याचा निवाडा होतो, त्यांचा वृत्तांत रुग्णालयाच्या दप्तरातच पडून राहतो. शस्त्रक्रियेनंतरच्या या सेवेला प्रतिष्ठा मिळवून देण्यात पुणे शहराचा वाटा मोठा आहे, आणि तो शस्त्रवैद्यांच्या कीर्तीइतकाच स्मरणीय आहे.

या हकिकतीचा आरंभ ससून रुग्णालयापासून करणे प्राप्त आहे. बगदादहून मुंबईस येऊन व्यापारात अग्रेसर झालेल्या डेव्हिड ससून या यहुदी सावकाराच्या देणगीतून १८६३ साली त्याची कोनशिला बसली आणि १८६७ साली ते रोग्यांसाठी खुले झाले. इमारत भक्कम उभी राहिली. परंतु रात्रभर खाटेशी बसणारी, येथल्याच घरांतून आलेली शिक्षित परिचारिका दुर्मिळ होती, कारण परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढावे, हे काम कुलीन स्त्रीचे असू शकते ही कल्पनाच तत्कालीन समाजाला असह्य होती.

ही कोंडी रमाबाई रानडे यांनी फोडली. पती न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर सार्वजनिक कार्याला वाहून घेतलेल्या रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना केली, आणि गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने, पुढे थोड्याच वर्षांत, विधवा व निराधार स्त्रियांना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण देण्याची तजवीज केली. जिच्या वाट्याला माजघरातला कोपरा आणि उपेक्षा एवढेच आले होते, ती स्त्री आता नाडी मोजू लागली, जखम धुऊन पट्टी बांधू लागली, तापाची नोंद लिहू लागली. लोकनिंदा सोसून तिने हे व्रत चालविले, म्हणूनच पुढच्या पिढीतील मुलींना हा मार्ग मोकळा झाला.

शस्त्रक्रियेइतकीच नंतरची शुश्रूषाही निर्णायक असते, हा धडा ससूनच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रियाही देते. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना आंत्रपुच्छाच्या विकारामुळे येथे दाखल करण्यात आले, आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ती चालू असतानाच वादळामुळे वीज गेली. परिचारिकेच्या हातातील विजेरीही विझली, तेव्हा उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी पुढे जखमेच्या जागी गळू झाले आणि प्रकृती अपेक्षेहून मंद गतीने सुधारू लागली. ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांची सुटका केली. पण जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीसाठी जाण्यास मार्च उजाडला. शस्त्राचे काम एका रात्रीत उरकले होते. शुश्रूषेचे काम कित्येक आठवडे चालले.

हृदयाच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतरची ही जोखीम शतगुणित होते. १९५३ साली अमेरिकेत शस्त्रवैद्य गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून शस्त्रक्रिया करून दाखविली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी, बर्नार्ड यांच्या जगातील पहिल्या मानवी हृदयारोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, भारतातील पहिले हृदयारोपण केले. परंतु रोगी सुमारे तीन तासच जगला. जगभर असेच अनुभव आल्यामुळे बहुतेकांनी हा उद्योग थांबविला, आणि शरीर नवे हृदय नाकारते आहे काय हे हृदयाचा सूक्ष्म तुकडा तपासून वेळीच ओळखण्याची रीत व नकार आवरणारे प्रभावी औषध हाती आल्यावरच त्याला पुन्हा बळ आले. टाके घालण्याची विद्या आधीच सिद्ध झाली होती. उणीव होती ती पुढच्या दिवसांच्या ज्ञानाची.

पुण्यात १९५९ साली डॉ. के. बी. ग्रँट यांनी रुबी हॉल या रुग्णालयाची स्थापना केली. गोळीबार मैदानाजवळ सैन्याचे हृदय व छातीच्या रोगांचे रुग्णालय नावारूपास आले. आणि पुण्याचा हृद्रोगी आपल्याच शहरात उपचार घेऊ लागला. अशा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका तासातासाला छातीतील नळीतून किती रक्त आले, लघवी किती झाली, रक्तदाब किती आहे, हे तक्त्यावर मांडते. रोग्याला छातीशी उशी धरून खोकायला लावते, कारण कफ साचला तर फुप्फुसाचा दाह होतो. औषध बदलावे की रोग्याला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे, याचा निर्णय बहुधा याच आकड्यांवरून होतो, आणि वैद्यकीय संशोधनाचा कच्चा मालही हाच असतो. निष्काळजीपणे लिहिलेल्या तक्त्यावर कोणताही खरा सिद्धांत उभा राहत नाही.

म्हणून पुण्याच्या रुग्णालयांनी आपली जुनी रजिस्टरे रद्दीत न घालता अभ्यासकांसाठी जतन करावीत, आणि संशोधनाच्या श्रेयनामावलीत त्यांतील नोंदी इमानाने करणाऱ्या परिचारिकांनाही स्थान द्यावे. रमाबाईंच्या शहराकडून एवढी अपेक्षा करणे मुळीच अवाजवी नाही.