रमजानच्या शेवटच्या दहा रात्री : शब-ए-कद्र नेमकी कधी?

विसावा रोजा सुटला की रमजानचा शेवटचा टप्पा लागतो. कुराण उतरलं ती रात्र, म्हणजे शब-ए-कद्र, याच दिवसांत येते. या एका रात्रीची इबादत हजार महिन्यांपेक्षा, म्हणजे 83 वर्षे 4 महिन्यांपेक्षा मोठी मानतात. तारीख मात्र पक्की नाही. 21, 23, 25, 27, 29 या विषम रात्रींत ती शोधावी, असं हदीसमध्ये आहे. आपल्याकडं जोर 27व्या रात्रीवर असतो आणि गोंधळही तिथंच होतो. इस्लामी पंचांगात दिवस मावळतीला बदलतो. त्यामुळं 27वी रात्र म्हणजे 26वा रोजा सोडल्यानंतरची रात्र. दुसऱ्या दिवशी जागलात तर ती हुकली!

त्या रात्री नफल नमाज, कुराणपठण, दुआ असं सहेरीपर्यंत चालतं. बऱ्याच मशिदींत तरावीहमधलं कुराणही तेव्हाच पूर्ण होतं.

एतेकाफला बसणारे मात्र विसाव्या रोजाच्या मावळतीआधीच मशिदीत येतात, ते ईदचा चाँद दिसेपर्यंत तिथंच राहतात. जेवण घरून येतं. हनफी मतानुसार वस्तीतल्या एकानं तरी बसावंच, नाहीतर दोष साऱ्या वस्तीवर. हातावर पोट असलेल्याला एवढे दिवस रोजगार सोडणं सोपं नाही. बायका घरातच नमाजच्या जागी एतेकाफ करतात.