धारेची भेट

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, असे सांगणे आले तेव्हा शिवनेरीविषयी लिहावे असाच माझा विचार होता. परंतु त्याच सुमारास भाचीचे लग्न ठरले आणि रुखवतात विळी द्यावी की न द्यावी, यावरून घरात वाद सुरू झाला. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "धारेची वस्तू देऊ नये गं, नाते तुटते." भाची म्हणाली, "मावशी, मी ओट्याशी उभी राहून चिरणार. मला विळी नको, एक चांगली सुरी दे." दोघींचे ऐकता ऐकता मनात आले, की देण्याघेण्याचा आणि लोखंडाचा इतिहास आपल्या जुन्नरच्याच मातीत पडलेला आहे, तो आधी पाहावा आणि मग ठरवावे.

दानाचा आपल्या भागातील सर्वांत प्रसिद्ध लेख एका स्त्रीचा आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेखात यज्ञांची नावे आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणेचा हिशेब कोरलेला आहे: गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी. आपल्याकडील अंक लिहिण्याच्या अगदी जुन्या नमुन्यांत या लेखातील आकडे मोडतात. मला मौज वाटते ती ही, की दिले किती आणि काय, हे एका बाईच्या नावाने दगडावर नोंदले गेले. अर्थात त्यात विळी नाही. राजघराण्याचे दान दगडावर जाते. लेकीबाळींना दिलेल्या वस्तूंची नोंद ठेवतात ते आपले हातच.

पण कारागीर मात्र दगडावर आहेत. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. कल्याणहून आलेल्या एका सोनारानेही येथे टाके खोदवले. बांबूचे काम करणारे आणि काशाचे काम करणारे यांच्या श्रेणींकडे पैसा ठेव म्हणून सोपवल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे आज आपण बँकेवर ठेवतो तो विश्वास त्या काळी कारागिरांच्या संघावर ठेवला जाई. हातात कसब असलेल्या माणसाच्या शब्दाला या गावात केवढी किंमत होती, हे त्यावरून कळते.

पुढे गावगाड्यात लोखंडाचे काम बलुतेदार लोहाराकडे आले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. कुणब्याचे फाळ, कुळव, विळे, खुरपी लोहाराने दुरुस्त करावीत आणि सुगीला खळ्यावरून आपले बलुते न्यावे, अशी ती रीत होती. खुरपे बोथट झाले की ते तापवून, ठोकून पुन्हा धारेला आणायचे. त्याला आपल्याकडे 'शेवटणे' म्हणतात. खुरपे बाईच्या हातातले, पण बलुत्याचा हिशेब पुरुषाच्या नावावर. हे लिहिताना मला थोडी खंत वाटते.

बलुतेदारीबाहेरचा दुसरा कारागीर म्हणजे घिसाडी. गाडीवर बिऱ्हाड घालून तो गावोगाव फिरे आणि वेशीबाहेर भाता मांडे. घिसाडी सांडशीत लाल लोखंड धरी आणि समोर उभी राहून घण मारी ती त्याची बायको. लहानपणी ते दृश्य मी डोळे विस्फारून पाहिले आहे. कडेवरचे मूल झोळीत आणि हातात घण! स्त्रीच्या हाताला बळ नसते असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा पाहायला हवे होते.

मोटारी आल्यावर या लोकांना एक नवे लोखंड मिळाले: ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा. हे पोलाद भार सोसून पुन्हा सरळ होणारे, म्हणून पात्याला उत्तम. आमच्या आईची विळी अशाच पाट्याची होती. पाते लाल तापवून पाण्यात बुडवले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून पुन्हा बेताने ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. यालाच पात्याला पाणी देणे म्हणतात. पाणी कमी पडले तर धार वळते, जास्त झाले तर धारेचे टवके उडतात. लोहाराचे सारे शहाणपण या दोहोंच्या मधे आहे.

चकचकीत, न गंजणारे पोलाद त्या मानाने अगदी अलीकडचे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली ते केले; बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून त्याचा शोध चालला होता, आणि त्यातून पुढे स्वयंपाकघरातल्या सुऱ्या निघाल्या. क्रोमियम मिसळल्यामुळे ते गंजत नाही. साधे पोलाद मात्र कैरी किंवा चिंच लागली की काळे पडते. ते लगेच पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवावे लागते. पण त्याला घरच्या घरी दगडावर चांगली धार निघते.

चकाकीला मी एकदा फसले आहे. शहरातल्या एका दुकानातून आणलेल्या देखण्या विळीचे पाते पाटात सैल होते. लाल भोपळा चिरताना ते कलंडले आणि अंगठ्याला चांगली खोल जखम झाली. तेव्हापासून मी चकाकी शेवटी पाहते. आधी पाते दांड्यात किंवा पाटात हलते का, ते पाहते. मग धारेवर कानस हळूच फिरवून पाहते: ती घसरली तर पाणी चांगले, रुतली तर पोलाद मऊ. शेवटी टोमॅटो. धार चांगली असेल तर साल सहज कापली जाते. बोथट पाते टोमॅटो चेंगरते. कांद्याचेही तसेच. बोथट पात्याने कांदा चिरडतो, त्याचा रस जास्त उडतो आणि डोळ्यांना धार लागते! बोथट हत्यार सुरक्षित, ही समजूतही खोटी आहे. जोर जास्त लावावा लागतो आणि हात निसटतो.

राहिला जाऊबाईंचा आक्षेप. मौज अशी, की धारेच्या भेटीने स्नेह तुटतो ही समजूत सातासमुद्रापलीकडे इंग्लंडातही आहे. तेथे घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक पेनी ठेवतो. मग ती भेट राहत नाही, खरेदी होते. मी हे सांगितले तेव्हा जाऊबाई क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मग रुपया घ्यायचा, त्यात काय!"

शेवटी मी भाचीलाच घेऊन लोहाराकडे गेले. पाट्याच्या पोलादाची, बाभळीच्या दांड्याची सुरी करायला सांगितली. तिचा पंजा लहान. दांडा तिच्या मुठीत धरून, दोनदा तासून घेतला. मला विळी द्यायची होती हे खरे. पण भेट देणाऱ्याच्या आठवणींपेक्षा घेणारीच्या हातात बसली पाहिजे, हे त्या दांड्याने मला शिकवले. सुरी हाती घेऊन तिने माझ्या तळहातावर रुपया ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

तो रुपया मी देव्हाऱ्यात ठेवला आहे. आईची विळी अजून माझ्याकडेच आहे, आणि तिच्यावरची माझी बैठकही.

मंडळाच्या भगिनींना एवढीच विनंती, की लेकीसुनांना दागिने, साड्या अवश्य द्याव्या. पण त्यांच्या रोजच्या कामाचे एखादे चांगले हत्यारही द्यावे, आणि ते घडवणाऱ्याला घासाघीस न करता त्याची मजुरी द्यावी.