ज्ञानाची साधने आणि साधनांची मालकी

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. कर शेतकऱ्याने भरावयाचा आणि तो खर्च व्हावयाचा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा अन्याय त्यांनी त्यात उघडा केला. वरून विद्या खाली झिरपेल ही सरकारची आशा फोल आहे, हेही त्यांनी ठणकावून सांगितले. हे आपण वारंवार उद्धृत करतो. परंतु त्याच निवेदनातील दुसऱ्या एका मागणीकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेला खाजगी रीतीने बसू देते. तीच सवलत बी. ए., एम. ए. या परीक्षांनाही द्यावी, कारण अनेकांना कॉलेजात जाऊन शिकणे अशक्य असते, असे फुले म्हणतात. आज दूरशिक्षण, ऑनलाइन शिक्षण या नावांनी जे नवे म्हणून मिरवले जाते, त्यामागची गरज फुल्यांनी तेव्हाच ओळखली होती. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

बाबासाहेबांनी या गरजेला कृतीने उत्तर दिले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे वर्ग सकाळी भरत. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला शिकता यावे, हा हेतू. यात कोणतेही यंत्र नव्हते. फक्त वेळापत्रक बदलले होते. परंतु वेळापत्रक हेही एक साधनच असते, आणि ते कोणाच्या सोयीने आखले जाते यावर कोण शिकणार हे ठरते. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आले, तेव्हा त्याला वसतिगृहाची जोड मिळाली. खेड्यातल्या मुलाला निजायला जागा आणि वाचायला दिवा नसेल तर ग्रंथालयाचा उपयोग काय?

यानंतर उच्च शिक्षणात टपाल आले, आणि मग यंत्रे आली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१ बी या उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. लहान गावच्या विद्यार्थ्यापर्यंत उत्तम शिक्षक पोचावा, हा त्याचा उद्देश होता. उद्देश चांगला होता. परंतु कार्यक्रम बहुतांशी इंग्रजीत असत आणि प्रक्षेपणाची वेळ दुपारची असे. त्या वेळी दलित वस्तीतल्या किती घरांत दूरदर्शनसंच होता? आणि कामावर गेलेला तरुण दुपारी घरी कसा असणार? पूर्वी विद्या वरच्या वर्गातून झिरपावयाची होती. आता ती अवकाशातून झिरपावयाची होती, इतकाच फरक.

याउलट १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे उदाहरण पाहावे. त्याचे मुख्य साधन अगदी साधे होते: मराठीत छापलेले, स्वतः वाचून समजेल असे पुस्तक. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम होता आणि जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र होते. अर्धवट शाळा सुटलेली स्त्री, नोकरीला जुंपलेला तरुण यांच्यासाठी त्यामुळे पदवीचे दार उघडले. तरीही ‘बाहेरून केलेली पदवी’ असे म्हणून नाक मुरडणारे होतेच. दार उघडले, पण ते मागचे दार आहे असे सांगण्याची प्रस्थापितांची सवय गेली नाही.

९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर सारी विद्यापीठे पडद्यावर गेली. त्या आधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात १०० पैकी केवळ ४.४ घरांत संगणक होता आणि १४.९ घरांत इंटरनेटची सोय होती. घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन, अशा ठिकाणी तास कोणी ऐकावयाचा? रिचार्ज संपला की शिक्षण संपले. पुढे २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरून मिळवण्याची मुभा दिली.

म्हणून यंत्राला विरोध करावयाचा काय? मुळीच नाही. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्र माणसाला कष्टातून सोडवून फुरसत देते. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, आणि बदलावयाची ती रचना, अशी त्यांची भूमिका होती. आपलीही तीच असली पाहिजे.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी प्रत्येक नव्या साधनाला तीन प्रश्न विचारावेत. ते कोणत्या भाषेत बोलते? ते कोणाच्या वेळेला आणि खिशाला परवडते? आणि ते शिक्षक, ग्रंथालय व वसतिगृह यांच्या जोडीला येते, की त्यांच्या जागी? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. श्रीमंताच्या मुलाला वर्ग, मित्र आणि शिक्षक. आपल्या मुलाला फक्त पडदा, अशी वाटणी झाली तर ती शिक्षणातील नवी वेस ठरेल. फुल्यांनी कॉलेजाबाहेर शिकण्याची सवलत मागितली होती. कॉलेजाबाहेर ठेवले जाण्याची नव्हे.