तळे राखी ती…

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण आपण सहसा लाचखोराला लावतो. माणदेशातील स्त्रियांच्या बाबतीत ती सरळ अर्थानेही खरी ठरत नाही.

म्हसवडजवळचा, सातारा-सांगलीच्या सीमेवरील राजेवाडी तलाव म्हणजे जुन्या दप्तरातला 'म्हसवड तलाव'. हे १८७६-७७ च्या दुष्काळातले काम. अशा कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने माती वाहत आणि त्यांची मजुरी पुरुषांहून कमी असे. पुढे महाराष्ट्रात तलावांतील मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडे गेले. तिथे मच्छीमार म्हणजे जाळे टाकणारा. जाळे सांधणारी, मासळी निवडणारी, बाजारात विकणारी स्त्री सभासद-नोंदवहीत क्वचितच दिसते.

आता मासा शेततळ्यातही आला आहे. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर दुष्काळी तालुक्यांत तळी वाढली. डाळिंबासाठी साठवलेल्या पाण्यात रोहू, कटला वाढू शकतात. बोटुकली सोडणे हे एका दिवसाचे काम. खरे काम त्यानंतरचे: रोज कोंडा-पेंड घालणे, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले की पाण्यातील प्राणवायू घटला हे ओळखणे, उन्हाळ्यात उतरत्या पाण्यावर नजर ठेवणे. तळे घराजवळ असले की हे सारे 'घरकामात' मोजले जाते, म्हणजे मोजलेच जात नाही.

तळे मात्र सात-बाऱ्यावर उभे असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा दिला; पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. आज सासरी तळे राखणाऱ्या कित्येक वयस्क स्त्रिया नेमक्या त्याच पिढीतल्या. शरद जोशींच्या 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेने पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. माझ्या मते तो आपल्या शेतकरी चळवळीचा सर्वांत कमी अभ्यासलेला अध्याय आहे.

म्हसवडच्या बायकांना कागदाचे महत्त्व कुणी शिकवायला नको. चेतना गाला सिन्हा यांच्यासह त्यांनी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांचे अंगठे होते. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या; १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

२०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान आहे, स्त्रीला ६० टक्के. मात्र अर्जासोबत जागेचा कागद लागतो, मालकीचा किंवा भाडेकराराचा.